दात आंबणं, छातीतली जळजळ आणि बोर्डोचा विळा : शरीरातलं आम्ल नक्की कोण मारतं?

मणेराजुरीकर | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

राम राम मंडळी. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. मोटर चालू करून बसलोय, तर बरेच दिवस मनात असलेलं लिहून टाकतो.

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. सोनाका आणि थोडी थॉमसन. वीस वर्षं हंगामात एकच सवय : सकाळी उठलं की बागेत फिरायचं आणि ओळीओळीतून मणी तोडून खायचे. खिशात रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो, पण जिभेवर जो भरवसा आहे तो त्या काचेवर बसत नाही. घडाच्या खांद्याचा एक मणी, शेंड्याचा एक. शेंड्याचा गोड लागला की घड तयार. व्यापारी आला की त्याच्याबरोबर परत तेच. जानेवारी ते मार्च दिवसाला किती मणी पोटात जातात त्याचा हिशेब नाही.

पूर्वी दात आंबायचे आणि तासा-दोन तासांत बरे व्हायचे. दोन वर्षांपासून आंबलेलेच राहतात. गार पाण्याचा घोट घेतला की कळ मस्तकात जाते. मागच्या आठवड्यात सांगलीला दाताच्या डॉक्टरांना दाखवलं. कीड लागली असणार असं धरून गेलो होतो, तर एकही दात किडलेला नाही. त्यांनी हातात आरसा दिला. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ, आरपार उजेड दिसतो. दाढांच्या माथ्यावर वाटीसारखे छोटे खळगे आणि तळाशी पिवळं. "ही आम्लाने झालेली झीज आहे," म्हणाले. मग विचारलं, बागेतून आल्यावर काय करता? मी सांगितलं, तोंड आंबट होतं म्हणून लगेच ब्रश करतो, चांगला घासून. त्यांनी मान हलवली. नेमकं तेच करायला नको होतं.

तेव्हापासून डोक्यात एकच विचार आहे. आपण छाटणीनंतर बोर्डो मारतो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक. मोरचुदाचं पाणी आंबट, आम्लधर्मी. त्यात चुन्याची निवळी घालत जायची आणि घासलेला लोखंडी विळा बुडवून बघायचा. विळ्यावर तांबूस थर धरला तर आम्ल शिल्लक आहे, अजून चुना घाला. विळा स्वच्छ निघाला की द्रावण जमलं. हे आमच्या वडिलांनी शिकवलं आणि त्यात कधी चूक झाली नाही. मग तोंडात चुना कोण घालतं? पोटात एवढं जहाल आम्ल असतं म्हणतात, ते पुढे आतड्यात गेल्यावर आतडं कसं जळत नाही? आमचे अण्णा रोज रात्री जेवण झालं की फ्रूट सॉल्टची पुडी घेतात, ढेकर आली की म्हणतात पित्त गेलं. गावात एकजण सांगत फिरतोय की रोज गव्हाएवढा चुना खा, रक्तातलं आम्ल मरतं. खरं काय धरायचं?

जाणकारांनी नीट समजावून सांगा. मला गोळीचं नाव नको, आत काय चालतं ते समजून घ्यायचंय.

---

खडूफळा | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०२

दादा, बोर्डोचं उदाहरण फार नेमकं आहे. मी साताऱ्यात ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि उदासिनीकरणाचा धडा इतक्या चांगल्या उदाहरणाने मला कधी सुरू करता आला नाही.

आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी, हे आपण सगळे शाळेत शिकलो. डोळ्यांनी बघायचं तर तुमच्या सांगलीची हळदच पुरे. पाण्यात चिमूटभर हळद कालवा. वरून चुन्याची निवळी घाला, पाणी लालभडक होईल. कुंकू असंच करतात, हळद आणि चुना. आता त्यात लिंबू पिळत जा. थेंबाथेंबाने लाली विरते आणि एका क्षणी सगळं परत पिवळं. तो क्षण म्हणजे चुन्याचा जोर लिंबाने मोडला तो क्षण.

आकड्यात मोजायचं तर पीएच. डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही मोजपट्टी आणली. ७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी. पण लक्षात ठेवायची गोष्ट ही की एक अंक खाली म्हणजे आम्ल दहा पट. दोन अंक म्हणजे शंभर पट. द्राक्षाचा रस साधारण साडेतीनच्या आसपास असतो. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, साधारण साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. म्हणजे दाताला जेवढं सोसतं त्याच्या शंभर पट तिखट आम्ल तुम्ही त्यावर ओतताय, आणि ते गोड लागतं म्हणून कळत नाही. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन आम्लं असतात, साखर भरली तरी ती पूर्ण जात नाहीत.

लाळेचं दाताच्या डॉक्टरांनी सांगावं. इथे एक ताई आहेत, त्यांची वाट बघू.

---

गुऱ्हाळवाला_शिराळा | १० फेब्रुवारी, सकाळी ६:२०

आमच्याकडे तेच चालतं. उसाचा ताजा रस पाच-सव्वापाच पीएचचा. काहिलीत चढला की चुन्याची निवळी आणि भेंडीचं पाणी. मळी फुटून वर येते, गूळ बसतो. चुना जास्त झाला तर गूळ काळा पडतो आणि जिभेला बोचतो. कमी झाला तर ढेप मऊ राहते. हात बसायला माझी चार वर्षं गेली. शरीर हे रोज आपोआप करत असेल तर नमस्कारच आहे.

---

दातांची_ताई | १० फेब्रुवारी, दुपारी २:४०

पेशंट संपले, आता निवांत लिहिते. सांगलीत विश्रामबागला माझं छोटं क्लिनिक आहे आणि द्राक्षपट्ट्यातले असे दात दर हंगामात बघते. त्यामुळे थोडं लांबेल.

तोंडात चुना घालणारी ती लाळ. लाळेत बायकार्बोनेट असतं, तोच पदार्थ जो आपल्या खाण्याच्या सोड्यात असतो. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. पण ती सगळा वेळ सारखी नसते, आणि इथेच सगळं अडतं. नुसतं बसलेलं असताना लाळ थोडी येते आणि तिच्यात बायकार्बोनेटही कमी असतं. तुम्ही चावायला लागलात, काही आंबट लागलं, की लाळेचा झरा वाढतो आणि तिच्यातलं बायकार्बोनेट कित्येक पटींनी वाढतं. म्हणजे गरज पडली की ताकद वाढते. झोपेत मात्र लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्री शेवटचं काय खाल्लं याला मी फार महत्त्व देते.

दुसरं काम त्याहून मोलाचं. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं. आम्लाने दातातून जे कण सुटतात, ते लाळ परत बसवते. एनॅमल म्हणजे कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. आम्ल आलं की वरचा पातळ थर मऊ पडतो. आम्ल हटलं की लाळ त्याला पुन्हा कठीण करते. पण त्याला वेळ लागतो. मणेराजुरीकर, तुम्ही त्या मऊ पडलेल्या थरावर ब्रश घासत होता. ओल्या गिलाव्यावर खराटा फिरवावा तसं. घासून गेलेलं लाळ परत आणू शकत नाही, आणि मीही नाही. मी फक्त वरून लेप देऊ शकते.

कीड आणि झीज यात फरक आहे. झिजेत आम्ल बाहेरून येतं. किडीत ते तोंडातच तयार होतं. दातावर जो चिकट थर बसतो त्यातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात त्या थरातला पीएच मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांत पीएच धाडकन साडेपाचच्या खाली, आणि मग हळूहळू, अर्ध्या ते एका तासात, परत वर. तो आलेख आम्हाला पहिल्या वर्षी काढायला लावतात. तेव्हा मी तो पाठ केला. त्याचा अर्थ कळला तो क्लिनिकमध्ये बसल्यावर. किती खाल्लं याच्यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. एका बैठकीत पावशेर द्राक्षं खाल्लीत तर दातांवरचा पीएच एकदा खाली जातो आणि वर येतो. दर दहा मिनिटांनी एक मणी, सकाळपासून दुपारपर्यंत, म्हणजे आलेख वर यायच्या आत पुन्हा खाली. लाळेला तुम्ही संधीच दिली नाही. कपाने थोडा थोडा चहा पिणाऱ्या दुकानदारांचं हेच होतं.

आता काय करायचं. मणी चाखल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. ब्रश अर्धा तास तरी नको, तासभर थांबलात तर उत्तम. ब्रश मऊ घ्या. पेस्ट फ्लोराइडवाली, आणि घासून झाल्यावर फेस थुंका, पण भरपूर पाण्याने चूळ भरून ती पेस्ट धुऊन टाकू नका. फ्लोराइड दातात बसलं की तो दात आम्लाला जास्त टिकतो. मधल्या वेळात चावायला फुटाणे, शेंगदाणे, साखर न लावलेली बडीशेप. चावणं म्हणजे लाळ.

आणि दही-ताक बंद करू नका. दही आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की ते दात विरघळवत नाही. हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

---

नवी_पालवी | १० फेब्रुवारी, दुपारी ३:२५

ताई, मला तिसरा महिना चालू आहे आणि दिवसातून तीन-चार वेळा उलटी होते. मी प्रत्येक वेळी लगेच ब्रश करते. म्हणजे मीही चूक करतेय का?

---

दातांची_ताई | १० फेब्रुवारी, दुपारी ३:५०

हो बाळा, थांब ते. उलटीतलं आम्ल द्राक्षापेक्षाही जहाल असतं. एक पेला पाण्यात छोटा चमचा खाण्याचा सोडा घालायचा आणि त्याने चूळ भरून थुंकायचं. गिळायचं नाही. सोडा खाण्याचाच, धुण्याचा सोडा चुकूनही नको, त्याने तोंड भाजतं. ब्रश तासाभराने. आणि एकदा दात दाखवून घे, या दिवसांत हिरड्याही सुजतात. उलट्या इतक्या असतील की पाणीही टिकत नाही, तर आधी तुझ्या डॉक्टरांकडे जा.

---

खडूफळा | १० फेब्रुवारी, रात्री ९:१०

ताईंनी तोंडाचं सांगितलं, मी घशाखाली उतरतो.

आधी एक शब्द साफ करू. आपण म्हणतो "पित्त झालंय". छातीत जळजळ करतं ते जठराचं हायड्रोक्लोरिक आम्ल, आंबट. पित्त हे यकृतातून येतं, पिवळं-हिरवं, कडू, आणि यकृतातून निघताना ते किंचित आम्लारीधर्मी असतं. म्हणजे ज्याच्या नावाने आपण खडे फोडतो ते पित्त खरं तर आम्ल मारायलाच मदत करतं. उलटीत आधी आंबट येतं आणि शेवटी कडू, तेव्हा दोन्ही ओळखता येतात.

जठरात पीएच दीड ते साडेतीन. रोज दीड-दोन लिटर जठररस. मग जठर स्वतः का जळत नाही? त्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या थरात खालून बायकार्बोनेट झिरपत असतं. पोकळीत पीएच २, आणि त्या पातळ थराच्या तळाशी, पेशींजवळ, जवळजवळ ७. भेंडी चिरताना बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो तसा थर डोळ्यांसमोर आणा. शिवाय जठराचं आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आतडं का जळत नाही. जठरातून आंबट लगदा पहिल्या आतड्यात उतरला की तिथल्या भिंतीला आम्ल कळतं आणि ती रक्तात एक निरोप सोडते. तो निरोप स्वादुपिंडाला पोहोचतो आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटने भरलेला रस ओततं, दिवसाला साधारण दीड लिटर, पीएच आठच्या आसपास. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १९०२ मध्ये हा निरोप्या शोधला आणि त्याला सिक्रेटिन नाव दिलं. त्याआधी सगळे समजत होते की हे काम नसांकडूनच होतं. त्यांनी आतड्याच्या त्या तुकड्याच्या नसा तोडल्या, तरी स्वादुपिंड पाझरलंच. रक्तातून जाणारा निरोप शास्त्राला असा पहिल्यांदा सापडला, आणि "हॉर्मोन" हा शब्द त्यानंतर तीन वर्षांनी आला. दादा, तुमचा विळा बघा आणि हा बघा. आम्ल आहे तोवर निरोप जातो, आम्ल संपलं की निरोप थांबतो. मोजून मापून चुना.

---

हळदगल्ली | १० फेब्रुवारी, रात्री १०:०५

आम्ही मागच्या वर्षी अल्कलाइन, म्हणजे आम्लारीधर्मी, पाण्याचं मशीन घेतलं. बरेच पैसे गेले. विकणाऱ्याने सांगितलं होतं की रक्त आम्लधर्मी झालं की सगळे रोग होतात आणि या पाण्याने ते सुधारतं. त्याने लघवीला पीएचची पट्टी लावून दाखवली होती, रंग खरंच बदलला. मग ते खोटं कसं?

---

मिरजेची_लेक | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

नाईट संपवून घरी आले. मी मिरजेत डायलिसिस विभागात काम करते, त्यामुळे या प्रश्नावर मला मनापासून बोलायचंय. अल्कलाइन पाण्याच्या नावाखाली गोळ्या बंद केलेले पेशंट मी बघितलेत.

हळदगल्ली, पट्टीने खरंच सांगितलं, पण ते लघवीबद्दल. लघवीचा पीएच साडेचार ते आठ इतका खालीवर होतो, आणि तो तसा होतो म्हणूनच रक्ताचा होत नाही. रक्त ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतं. तुम्ही काय प्यायलात, काय खाल्लंत, त्याने ते हलत नाही. प्यालेलं पाणी आधी जठराच्या आम्लातच पडतं. उरलीसुरली जास्तीची अल्कली मूत्रपिंड लघवीतून बाहेर टाकतं. पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ तुमची मूत्रपिंडं छान काम करतायत.

रक्तातलं आम्ल दोन वाटांनी जातं. मोठी वाट फुप्फुसाची. पेशी जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तो पाण्यात मिसळला की आम्ल होतं, आणि आपण दर श्वासाला ते बाहेर सोडतो. हे काम मिनिटांत होतं. दुसरी वाट मूत्रपिंडाची. प्रथिनांपासून जी आम्लं तयार होतात ती श्वासावाटे जात नाहीत. मूत्रपिंड ती फॉस्फेट आणि अमोनियाला बांधून लघवीत सोडतं आणि बदल्यात रक्तात नवं बायकार्बोनेट भरतं. याला तास, कधी दिवस लागतात.

मूत्रपिंड बंद पडलं की काय होतं ते मी रोज बघते. माणूस थकतो, जेवण नको वाटतं, धाप लागते. आमच्या मशीनला दोन कॅन लावतो, एक लाल खुणेचा, त्यात आम्लाचं द्रावण, एक निळ्या खुणेचा, त्यात बायकार्बोनेट. दोन्ही आधीच एकत्र का भरून ठेवत नाही, असं नवीन मुली विचारतात. एकत्र केलं तर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून खडूसारखा साका खाली बसतो. म्हणून मशीन ऐनवेळी भरपूर पाण्यात दोन्ही मिसळतं. चार तास पेशंटचं रक्त मशीनवरच्या पातळ पडद्याच्या एका बाजूने जातं आणि पलीकडून बायकार्बोनेट आत येतं. येताना धापा टाकणारे काका जाताना शांत श्वास घेत, कॅन्टीनचा चहा मागतात. एवढ्या यंत्रांना आणि माणसांना मिळून जे आठवड्यातून दोन-तीनदा करावं लागतं, ते दोन मुठीएवढी मूत्रपिंडं आयुष्यभर करतात.

अजून एक, सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं. शुगरच्या पेशंटने, विशेषतः तरुण, इन्सुलिनवर असलेल्याने, इन्सुलिन चुकवलं आणि तो खोल, भराभर श्वास घ्यायला लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आला, पोट दुखतंय, उलट्या होतायत, तर ते अपचन नाही. रक्तात कीटोन आम्लं साठली आहेत आणि शरीर श्वासावाटे जमेल तेवढं आम्ल बाहेर फेकतंय. लिंबू-सोडा पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

---

यवतेश्वर_धावक | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करताना यवतेश्वर घाटात जी धाप लागते ती हीच का?

---

मिरजेची_लेक | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

बरीचशी तीच. स्नायू जोरात काम करताना आम्ल सोडतात, रक्तातलं बायकार्बोनेट ते पकडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास वाढतो. थांबलात की तासाभरात लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रक्तातलं रूप) निवळतं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचं कारण लॅक्टिक आम्ल नाही, स्नायूंना बसलेला ताण आहे.

---

मणेराजुरीकर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळं दोनदा वाचलं. अण्णांनाही वाचून दाखवलं.

आज एक करून बघितलं. फवारणीच्या पाण्याचा पीएच बघायला घरात पट्ट्या असतात. सकाळी सहाला, तोंड धुवायच्या आधी, जिभेखालची लाळ पट्टीवर लावली. साडेसहाच्या आसपास रंग आला. बागेत गेलो, दोन ओळी चाखल्या, साधारण वीस मणी. लगेच पट्टी : पाचच्या खाली. बांधावर बसलो, काहीच खाल्लं नाही. पाच मिनिटांनी सहा. दहा मिनिटांनी जवळजवळ सात, सकाळपेक्षाही वर. मी तो पट्टीचा तुकडा कितीतरी वेळ हातात धरून बघत होतो. वीस वर्षं हे माझ्या तोंडात चालू होतं.

मग परत ओळीत गेलो आणि दर पाच मिनिटांनी एक मणी खात राहिलो. पट्टी पाच-साडेपाचवरच अडकली. ताई म्हणाल्या ते डोळ्यांनी दिसलं.

अण्णांचं सांगा. त्यांना बीपी आहे. पुडी रोज चालेल का?

---

दातांची_ताई | ११ फेब्रुवारी, रात्री १०:००

फार छान केलंत. एक फक्त ध्यानात ठेवा, पट्टी लाळेचा पीएच दाखवते. दाताच्या फटीत, चिकट थराच्या खाली, लाळ उशिरा पोहोचते. तिथे दहा मिनिटांत काम होत नाही.

---

मिरजेची_लेक | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

अण्णांची पुडी रोज नको. तिच्यात सोडियम बायकार्बोनेट असतं. एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यात साधारण २७४ मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची मर्यादा सांगितली आहे २ ग्रॅम सोडियम. बीपीसाठी मीठ कमी करायचं आणि रात्री पुडीतून परत घ्यायचं, असं होतंय. आणि ती ढेकर पित्त गेल्याची नाही. सोडा आणि आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याची ती ढेकर. पुडीतच सायट्रिक आम्ल असल्यामुळे तिचा फेस तर पेल्यातच सुरू होतो.

कधीतरी लग्नाचं जेवण जड झालं, एखादी पुडी घेतली, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण रोज रात्री लागते म्हणजे कारण शोधायला हवं. रात्री लाईट आली म्हणून उशिरा जेवून लगेच आडवं पडणं होतं का? झोपेत लाळही फार कमी आणि गिळणंही फार कमी. जागेपणी वर आलेलं आम्ल आपण नकळत लाळ गिळून धुतो, ते रात्री फारसं होत नाही. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला, डाव्या कुशीवर झोपू दे. गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांनी जठराचा तो श्लेष्मा आणि बायकार्बोनेटचा थर कमी होतो. शी काळी डांबरासारखी झाली, घास अडकायला लागला, वजन उतरलं, किंवा चालताना छातीत जळतंय आणि घाम येतोय, तर वाट बघू नका. शेवटचं हृदयाचंही असू शकतं.

---

खडूफळा | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

कारण शोधण्यावरून एक जोडतो. जठराच्या आम्लात कोणताही जंतू टिकत नाही असं मानलं जायचं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवलं की हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू तिथे आरामात राहतो. तो युरियापासून अमोनिया करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन बघितला आणि आजारी पडले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो, असं लोक धरून बसले होते. पुष्कळांचा त्या जंतूमुळे होतो आणि ठरावीक दिवसांच्या औषधाने बरा होतो. पुड्या खाऊन तो जंतू जात नाही.

---

दातांची_ताई | १२ फेब्रुवारी, दुपारी १:१५

चुन्याबद्दल कोणी बोललं नाही, मी बोलते. चुना आम्ल मारतो हे खरं, विळ्यावर दिसतंच. पण तो गालाचं आणि हिरडीचं नाजूक अस्तरही भाजतो. गालात जिथे चुना-तंबाखूची चिमूट ठेवतात तिथली कातडी पांढरी, सुरकुतलेली होते, मी ती रोज बघते. आणि तंबाखूत चुना मळतात त्याचं खरं काम वेगळंच आहे. चुन्याने निकोटिन मोकळं होतं आणि गालातून झपाट्याने रक्तात जातं. म्हणून चुन्याशिवाय "लागत" नाही. आपल्याकडच्या बायकांची मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, दात घासायच्या नावाखाली. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या लाळग्रंथी सुकतात. त्याला भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळता येत नाही, आणि वर्षभरात चांगले दात मुळाशी किडून तुटतात. लाळ काय करत होती ते तेव्हा समजतं. गव्हाएवढा चुना सांगणाऱ्या त्या गृहस्थांना कृपया हे वाचून दाखवा.

---

मणेराजुरीकर | २ मार्च, रात्री ९:४५

धागा वर आणतोय, सांगायचं राहिलं होतं.

चाखणं बंद केलं नाही, ते माझ्याने होणार नाही. पण आता सकाळी एकदाच, सगळ्या ओळी एका फेरीत. दर ओळीतून मणी रिफ्रॅक्टोमीटरवर पिळतो आणि शंका आली तरच जीभ लावतो. बाटलीतल्या पाण्याची चूळ. ब्रश आंघोळीच्या वेळी. कळ पूर्ण गेली नाही, पण गार पाणी आता पिता येतं. झिजलेलं परत येणार नाही हे माहीत आहे.

अण्णांची तपासणी झाली. गुडघ्याची गोळी उपाशीपोटी चालू होती, ती बदलून दिली. पलंगाखाली विटा घातल्या. पहिल्या रात्री घसरतोय म्हणाले, आता बोलत नाहीत. पुडी पंधरा दिवसांत एकदा घेतली.

खरं सांगायचं ते आईचं. पट्टीचा खेळ चालू असताना सहज तिचीही लाळ घ्यायला गेलो, तर पट्टी ओली होईना. जिभेखाली कोरडं. ती म्हणाली, वर्षभर असंच आहे, रात्री जीभ टाळूला चिकटते, म्हणून खडीसाखरेचा खडा तोंडात धरून झोपते. मी ताईंना विचारलं. त्यांनी आधी तिच्या गोळ्यांची नावं मागितली. ॲलर्जीची एक गोळी ती कायम घेते, तिने तोंड कोरडं पडू शकतं म्हणाल्या, आणि शुगरही बघायला सांगितली. खडीसाखर त्याच रात्री बंद केली. उशाशी तांब्या-भांडं ठेवलंय, घोट घोट पाणी पिते. बघितलं तर खालच्या चार दातांच्या मुळाशी तपकिरी रेघ आहे, हिरडीच्या अगदी लगत.

सोमवारी तिला घेऊन सांगलीला येतोय. ताई, अकरापर्यंत पोहोचू. पट्ट्या संपल्यात, येताना मार्केट यार्डातून घेईन.

---

दातांची_ताई | २ मार्च, रात्री १०:१०

या. आईंना सकाळी जेवू-खाऊ घालून आणा, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा. पट्टी आणू नका, माझ्याकडे आहे.